करंट सगळीकडे सारखा, मग केबल जोडापाशीच का जळते?

ऊसतोडणीचा हंगाम मध्यावर आला की सातारा-सांगलीच्या पेपरांत शॉर्टसर्किटने ऊस जळाल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्याच दिवसांत नदीकाठच्या आणि विहिरीवरच्या मोटरींच्या केबली जळतात, डीपीवरचे फ्यूज उडतात, स्टार्टरची पेटी आतून काळी पडते. जळालेली केबल नीट पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पाचशे मीटर केबल धडधाकट असते आणि जळालेली असते ती फक्त वीतभर जागा. ती जागा जोडाची असते, थिंबलची (तारेच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपणाची) असते, नाहीतर स्टार्टरच्या स्क्रूपाशी असते.

यावर शेतकरी जो प्रश्न विचारतात तो अगदी नेमका आहे. एका तारेतून एकच करंट जातो म्हणता, मग जळायला हीच जागा का? बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘तिथं लोड आला.’ मला हे उत्तर पटत नाही. लोड तर सगळ्या केबलवर तेवढाच होता. खरे उत्तर मिळवायचे तर तारेच्या आत इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात आणि तार बारीक झाली की त्या वेगाचे काय होते, हे पाहावे लागते. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

अँपिअर नेमके काय मोजतो

तांब्यात प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. तो कोणत्याही एका अणूला बांधलेला नसतो. असे मोकळे इलेक्ट्रॉन किती? एका घन मिलिमीटर तांब्यात, म्हणजे खसखशीच्या दोन-चार दाण्यांएवढ्या तुकड्यात, ८५ वर १८ शून्ये इतके. या सगळ्यांवरचा विद्युतप्रभार एकत्र केला तर तो सुमारे १३.६ कूलोम भरतो. कूलोम हे प्रभार मोजण्याचे एकक आहे. १३.६ हा एकच आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर होईल.

करंट म्हणजे तारेच्या एखाद्या ठिकाणी उभा छेद कल्पून त्यातून सेकंदाला किती प्रभार पुढे गेला याची मोजणी. सेकंदाला १ कूलोम गेला तर १ अँपिअर. किती इलेक्ट्रॉन पार झाले, एवढेच अँपिअर सांगतो. ते किती वेगाने गेले, याबद्दल तो काही सांगत नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण ‘करंट जास्त’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ‘वेग जास्त’ येतो.

आता पाच एचपीची थ्री फेज मोटर घ्या. ती प्रत्येक फेजला साधारण ८ अँपिअरच्या आसपास ओढते. केबल तांब्याची, अडीचची. दुकानात आपण ‘अडीच एमएम’ म्हणतो, पण ते अडीच चौरस मिलिमीटर असते. तो तारेच्या छेदाचा आकार झाला, जाडी नव्हे. एकाच पेडाची तार असेल तर तिची जाडी सुमारे १.८ मिलिमीटर भरते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जाडी दुप्पट झाली की छेद चौपट होतो.

अडीचच्या तारेच्या १ मिलिमीटर लांबीत अडीच घन मिलिमीटर तांबे असते, म्हणजे ३४ कूलोम मोकळा प्रभार. आपल्याला सेकंदाला ८ कूलोम पुढे सरकवायचा आहे. मग इलेक्ट्रॉनांनी सेकंदाला पाव मिलिमीटरहूनही थोडे कमीच सरकायचे. तासाला सुमारे ८५ सेंटीमीटर.

तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या या सरासरी वेगाला भौतिकशास्त्रात ड्रिफ्ट स्पीड म्हणतात. मी इथे सरकवेग म्हणतो. इलेक्ट्रॉन स्वतः मात्र संथ नसतात. तांब्यात ते सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने धावत असतात, मोटर बंद असली तरीही. पण ते धावणे सगळ्या दिशांना असते, त्यामुळे सगळ्यांचे मिळून पुढे जाणे शून्य होते. बटण दाबल्यावर या धावपळीवर एक अतिशय मंद, एका दिशेचे सरकणे चढते, आणि तेवढ्या सरकण्यावर आपली मोटर चालते.

तार बारीक झाली की

म्हैसाळ किंवा ताकारीच्या कालव्याचे पाणी पोटपाटाने शेतात येते तेव्हा पाट कुठे हातभर रुंद असतो, कुठे वीतभर. रुंद जागी पाणी संथ दिसते, अरुंद जागी तेच पाणी पळते. मिनिटाला जेवढे पाणी रुंद जागेतून जाते तेवढेच अरुंद जागेतून जाते, कारण मधे ते कुठे साठत नाही आणि कुठून वाढतही नाही. जागा कमी पडली की तेवढेच पाणी काढायला वेग वाढवावा लागतो.

तारेतही हेच घडते. मोटरच्या अडीचच्या केबलला कोणी मधेच एकच्या तारेचा तुकडा जोडला, तर दोन्हींतून ८ अँपिअरच जाणार. पण एकच्या तारेच्या मिलिमीटरभर लांबीत फक्त १३.६ कूलोम आहे. म्हणून तिथे सरकवेग अडीच पट होतो, तासाला सुमारे २.१ मीटर. तुकडा संपून पुन्हा अडीचची तार लागली की वेग पुन्हा ८५ सेंटीमीटर. चारची तार लावली असती तर वेग आणखी उतरला असता. छेद जितक्या पटीने लहान, सरकवेग तितक्या पटीने जास्त. करंट मात्र जागचा हलत नाही.

जुन्या ग्रिपमध्ये घालतात त्या फ्यूजच्या तारेत हे टोकाला जाते. ५ अँपिअरसाठी वापरतात ती कल्हई केलेली तांब्याची तार सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असते. अडीचच्या तारेपेक्षा तिचा छेद ऐंशी पटीने लहान. तिच्यातून ५ अँपिअर जाताना इलेक्ट्रॉन सेकंदाला सेंटीमीटरहून थोडे जास्त सरकतात. इलेक्ट्रॉनांच्या जगात ही धाव म्हणायची.

मग बारीक तुकड्याच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन तुंबत नाहीत का?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. जाड भागातला इलेक्ट्रॉन संथ सरकत होता. पुढे तार बारीक आहे हे त्याला कसे कळले? त्याचा वेग कोणी वाढवला?

तुंबतात, पण क्षणभर आणि अत्यल्प. करंट सुरू होताच बारीक भागाच्या तोंडाशी तारेच्या पृष्ठभागावर थोडे जादा इलेक्ट्रॉन जमतात आणि पलीकडच्या टोकाला थोडे कमी पडतात. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. त्यामुळे हे जमलेले इलेक्ट्रॉन मागून येणाऱ्यांना जरा थोपवतात आणि पुढच्यांना जोरात रेटतात. रेटा पुरेसा वाढेपर्यंतच हे जमणे चालते. दोन्ही भागांतून सेकंदाला सारखाच प्रभार जाऊ लागला की जमणे थांबते. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्याही फार आधी उरकते, आणि मोटर चालू असेपर्यंत ती रचना तशीच टिकते.

पाटाची तुलना इथे सोडून द्यावी लागते. पाट अरुंद जागी तुंबला तर पाणी वीतभर चढते, बांधावरून वाहूनही जाते. तारेत तेवढी सवलत नाही. इलेक्ट्रॉनांमधला ढकलण्याचा जोर इतका प्रचंड आहे की नगण्य संख्येने ते जमले तरी सगळी तार ताळ्यावर येते.

या वाढलेल्या रेट्याला किंमत आहे. बारीक भागात प्रत्येक मिलिमीटरला जास्त व्होल्ट खर्च होतात. तुमच्या मोटरला मिळायचे व्होल्ट त्या तुकड्याने खाल्ले, असा त्याचा अर्थ.

सेकंदाला पाव मिलिमीटर, तर बटण दाबताच मोटर कशी सुरू होते?

तार कधी रिकामी नसते. मोटरच्या वेढ्यांमध्ये इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात. बटण दाबल्यावर पळतो तो रेटा, म्हणजे विद्युतक्षेत्रातला बदल, आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो. कोयनानगर ते सांगली सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. हा बदल तेवढे अंतर सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागात कापेल. सरकवेगाने निघालेल्या इलेक्ट्रॉनाला तेवढ्याच वाटेला तेरा वर्षे लागतील.

खरे तर तो कधीच पोहोचणार नाही. आपली वीज एसी आहे, सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होणारी. ८ अँपिअर वाहून नेणाऱ्या अडीचच्या तारेतला इलेक्ट्रॉन सरासरी जागच्या जागी डोलतो, आणि त्या डोलण्याचा पल्ला मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतका असतो. शिवाय वाटेत ट्रान्सफॉर्मर लागतात. त्यांच्या दोन वेढ्यांमध्ये तारेचा जोडच नसतो, ऊर्जा चुंबकीय क्षेत्राच्या मार्गाने पलीकडे जाते. कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या जनित्रातला एकही इलेक्ट्रॉन आजवर मिरजेच्या मोटरीत आलेला नाही. आपण बिल भरतो ते ऊर्जेचे. इलेक्ट्रॉन आपल्याच तारेतले असतात.

एसीमुळे जाड-बारीकचा नियम मात्र बदलत नाही. बारीक जागी डोलण्याचा पल्ला मोठा, जाड जागी लहान. ‘एसी करंट तारेच्या फक्त सालीतून जातो’ असेही काही जण सांगतात. ५० हर्ट्झला तांब्यात ही साल सुमारे ९ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे घरच्या किंवा मोटरच्या तारेत करंट सगळ्या छेदातून जातो.

इलेक्ट्रॉन सरकतात, हे कोणी पाहिले?

डोळ्यांनी कोणी पाहिले नाही, पण खुणा भक्कम आहेत. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडून वर्ख चुंबकाजवळ धरला. वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी थोडे व्होल्टेज तयार झाले. सरकणारा प्रभार चुंबकामुळे एका कडेला ढकलला जातो म्हणून हे घडते. चुंबकाची ताकद आणि वर्खाची रुंदी माहीत असेल तर त्या व्होल्टेजवरून सरकवेगच काढता येतो. पुढे १९१६ मध्ये टॉलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी वेगाने फिरणारे तारेचे वेटोळे एकदम थांबवले. तार थांबली, आतले इलेक्ट्रॉन क्षणभर पुढे सरकत राहिले, आणि मीटरवर करंट दिसला.

बारीक जागा तापते ती वेगामुळेच का?

अर्धे खरे. सरकणारे इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरणाऱ्या अणूंशी आणि त्यांच्या रचनेतल्या दोषांशी धडका घेतात आणि मिळालेली ऊर्जा तिथेच टाकतात. तीच उष्णता. एकाच धातूत, तोच करंट असताना, छेद निम्मा केला तर सरकवेग दुप्पट होतो आणि प्रत्येक मीटरला दुप्पट उष्णता निघते. आता ती दुप्पट उष्णता सामावून घ्यायला धातूही निम्माच उरला. म्हणजे प्रत्येक ग्रॅम तांब्याच्या वाट्याला चौपट उष्णता आली. फ्यूजच्या तारेचा छेद ऐंशी पट लहान असल्याने तिच्या ग्रॅमच्या वाट्याला ६,४०० पट येते. म्हणून करंट मर्यादेपलीकडे गेला की घरातली वायर शाबूत राहते आणि फ्यूज वितळतो. त्या तारेला मुद्दाम सगळ्यांत बारीक जागा बनवलेले असते, म्हणून तिथे जाड तार गुंडाळून काम भागवणे फार धोक्याचे आहे. मग सगळ्यांत बारीक जागा दुसरीकडे कुठेतरी असते, आणि कुठे ते आपल्याला माहीत नसते.

पण धातू बदलला की केवळ वेगावरून उष्णता सांगता येत नाही. ॲल्युमिनियममध्ये प्रत्येक अणूमागे तीन इलेक्ट्रॉन मोकळे असतात. त्यामुळे तेवढ्याच छेदाच्या ॲल्युमिनियमच्या तारेत सरकवेग तांब्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तरीही ती जास्त तापते, कारण तिथे धडका जास्त होतात. तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तांब्याच्या दीडपटीहून जास्त आहे. खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या हलकेपणासाठी आणि किमतीसाठी. मधे पोलादी पेड आणि भोवती ॲल्युमिनियमचे. लाइनमन त्यांना रॅबिट, डॉग, वीझल अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखतात, आणि प्रत्येक नावामागे एक ठरलेला छेद असतो.

जोडापाशी काय घडते

आता मूळ प्रश्नाकडे. केबलमध्ये सात पेड आहेत असे समजा, आणि स्टार्टरच्या स्क्रूखाली त्यांतले दोनच सापडले आहेत, बाकीचे सोलताना कापले गेले किंवा बाजूला निसटले. तेवढ्या जागेपुरता छेद साडेतीन पट लहान. सरकवेग साडेतीन पट, आणि दर ग्रॅम तांब्याला उष्णता बारा पट. हे वाईट आहे, पण खरे सांगायचे तर एवढ्याने लगेच आग लागत नाही. ती बारीक जागा काही मिलिमीटरांची असते आणि शेजारचे जाड तांबे तिची उष्णता ओढून नेते.

खरी बारीक जागा डोळ्यांना दिसत नाही. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही सपाट वाटले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. ते एकमेकांना टेकतात ते फक्त काही उंचवट्यांवर. स्क्रू घट्ट असेल तर उंचवटे दबतात आणि टेकण्याचे ठिपके वाढतात. स्क्रू ढिला असेल, किंवा तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली असेल, तर सगळा करंट मोजक्या ठिपक्यांतून जातो. ०.१ मिलिमीटरचा एकच ठिपका उरला असे धरा. ८ अँपिअरला तिथे सरकवेग सेकंदाला सात सेंटीमीटरच्या वर जातो, बाकीच्या तारेच्या तीनशे पटींहून जास्त.

असा ठिपका स्वच्छ धातूचा असला तर तोही निभावून जातो. घात करतो तो गंज. नदीकाठची दमट हवा, पावसाळा, तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना जोडलेले, या सगळ्यांत ठिपक्यांवर ऑक्साइडचा थर चढतो. ॲल्युमिनियमचा थर तर वीज जवळपास वाहूच देत नाही. जोडाचा रोध वाढत जातो. तो अर्धा ओहम झाला की ८ अँपिअरला तिथे ३२ वॅट उष्णता निघते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. इथे तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत, टेपच्या आत कोंडलेली, तासन्‌तास. धातू तापून प्रसरण पावतो, मोटर बंद झाली की आकुंचन पावतो. प्रत्येक वेळी पकड थोडी ढिली होते, थर थोडा वाढतो. मोटर सुरू होताना डायरेक्ट स्टार्टरवर करंट क्षणभर सहा पटींच्या घरात जातो आणि उष्णता छत्तीस पट होते.

मग एमसीबी का पडत नाही?

कारण करंट वाढलेलाच नसतो. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारे बटण) आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले दोघेही करंट पाहतात. अर्ध्या ओहमच्या जोडाने ८ अँपिअरला फक्त ४ व्होल्ट खाल्ले. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला ते जाणवतसुद्धा नाही. अँपिअर मीटर जोडाच्या अलीकडे लावा की पलीकडे, आकडा तोच. करंट सगळीकडे सारखा असतो, म्हणूनच करंट मोजून वाईट जागा सापडत नाही. ती व्होल्टमध्ये आणि उष्णतेत शोधावी लागते.

शॉर्टसर्किट ही वेगळी गोष्ट आहे. लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना चिकटल्या की मोटरला वळसा घालून करंट जातो आणि तो खरोखर अनेक पट वाढतो. तिथे फ्यूज उडायलाच हवा. पण खांबावरचा ढिला जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, ठिणग्या टाकत असेल तर फ्यूज गप्प राहू शकतो, आणि खाली वाळलेला पाला असतो. बातमीत दोन्हींना एकच नाव मिळते. उपाय मात्र वेगळे आहेत. पहिल्यात तारा ताणून घ्यायच्या, दुसऱ्यात जोड पक्का करायचा.

सगळी केबलच बारीक असेल तर?

तेव्हा नुकसान एका जागी न होता लांबीभर पसरते. डीपीपासून नदीवरच्या मोटरपर्यंत ५०० मीटर अडीचची तांब्याची केबल असेल तर ८ अँपिअरला वाटेतच सुमारे ४८ व्होल्ट जातात. ४१५ चे ३६७ उरतात आणि साडेसहाशे वॅटच्या आसपास ऊर्जा जमीन तापवण्यात जाते. पाणी तेवढेच उपसायचे असल्याने कमी व्होल्टवर मोटर जास्त करंट ओढते आणि वेढे तापतात. चारची केबल घेतली तर घट ३० व्होल्टवर येते, सहाची घेतली तर २० वर. म्हणून लांब अंतराला ‘मोटर तर चालतीय’ एवढ्यावर केबल ठरवू नये, अंतर सांगून ठरवावी.

जोडांसाठी वायरमनकडून एवढे जरूर करून घ्यावे. मोटर तासभर पूर्ण लोडवर चालल्यावर प्रत्येक जोडाचे, थिंबलचे, स्टार्टरच्या प्रत्येक स्क्रूचे तापमान लांबूनच इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. तिन्ही फेज जवळपास सारखे असायला हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर मेन बंद करून, लाइन मेली आहे याची टेस्टरने खात्री करून तो जोड उघडावा. तारेचे काळे पडलेले टोक कापून टाकावे, सगळे पेड आत घेऊन नवे थिंबल दाबून बसवावे. तांबे आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेलेच थिंबल वापरावे. पेड अडचणीचे वाटतात म्हणून त्यांतले दोन-तीन छाटून उरलेले स्क्रूखाली घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. तसे करू लागणाऱ्याला तिथेच थांबवावे.